जानरावाची मिशी

केनवड, माघ वद्य पंचमी, शके १८५२

सौ. प्रयागवहिनींस,

'सौ.' मुद्दाम ठळक काढला आहे. दादा ठणठणीत आहेत. जानराव आईला नाटकाला न्यावे म्हणून तुमच्या माहेरी मानोऱ्याला आला, आणि त्याचा भादरलेला ओठ पाहून तुम्ही न विचारताच बांगड्या फोडल्या. बाप गेल्याशिवाय लेक मिशी काढत नाही, हे मलाही ठाऊक होते. पण महाभारताची पोथी मी स्वतः वाचून हे संगीत नाटक रचले. त्यात मिशीची द्रौपदी कशी चालेल?

जानराव म्हणाला होता, "काका, पदर वढून घेतो न मी. माहा बाप जित्ता हाये."

मी म्हणालो, "तुह्या बापालेच इचारलं. काढ म्हनला."

दादांना मी विचारलेच नव्हते.

मिशी दादांनीच काढायला लावली असे धरून आता जानराव बापाशी बोलत नाही, तुम्ही घरी येत नाही, आणि दादा मलाच विचारतात, "तुळश्या, पोरगं माह्यासंग काहून बोलत नाही रे?"

उद्या प्रयोग आहे. तोवर हे पत्र खिशातच राहील. तालमीत सभेतले पद म्हणताना जानरावाचा गळा भरून येतो, आणि मी पेटीवरून सांगतो, "बस, असाच लाव. उद्याही असाच."

तुमचा दीर,
तुळशीराम