दुसरा मासा सोडू नये

सोमवार, ३
पोचलो! कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हा, आता मासे राखत बस, असं आई चिडून म्हणाली होती. मावशीने ते खरंच करून दाखवलं. तिच्या ओळखीच्या एक निवृत्त विज्ञानाच्या बाई महिनाभर लेकीकडे गेल्यात आणि त्यांच्या फायटर माशाची राखण माझ्याकडे आलीय. खोली झकास. तीन बाजूंनी काचा लावलेली बंद गॅलरी, पलंग, टेबल, कपाट. शेजारी हॉलमध्ये टाकी. आत निळाजांभळा नर, एकटाच, ऐट मात्र राजाची.

बाईंनी वहीत नियम लिहून ठेवलेत. टाकी एकसारखी राहिली की मासा कंटाळतो, स्वतःचीच शेपटी कुरतडतो. म्हणून दर दोन दिवसांनी मांडणी बदलायची. लपायला आडोसा द्यायचा. खाणं पानांत दडवायचं, म्हणजे शोधत फिरतो. आरसा दाखवायचा, पण पाचच मिनिटं. शेवटचा नियम लाल शाईत: दुसरा मासा सोडू नये.

हे सगळं माझ्या मैत्रिणीला सांगायला हवं होतं. पण राग आवरायला शिकलास तरच भेटू, असं तिने बजावलंय. एक कप काय फेकला! भिंतीवर फेकला होता, तिच्यावर नाही.

बुधवार, ५
फुटक्या कुंडीचं खापर कोपऱ्यात तिरकं ठेवलं. पठ्ठ्या आधी लांबूनच घिरट्या घालत होता, मग हळूच आत घुसला, तोंड तेवढं बाहेर. नंतर आरसा. काय फुलला! कल्ले ताठ, पंखांचा पिसारा, काचेवर धडका. समोर आपणच आहोत हे त्या येड्याच्या गावीही नाही. हसून हसून पुरेवाट झाली माझी.

शुक्रवार, ७
बाजारातून आलो तर माझ्या खोलीतलं कपाट कोपऱ्यात तिरकं. मागे माणूस मावेल एवढी जागा. किल्ली तर माझ्या एकट्याकडे. बाईंना फोन केला. घरात कुणी येत नाही, म्हणाल्या. मग विचारलं, आत जाऊन बसलास का?

बसलो होतो. बरं वाटलं होतं. त्यांना ते सांगितलं नाही.

रविवार, ९
टेबलावर झाकून ठेवलेला पाव गायब. एक तुकडा उशीखाली, एक पडद्यामागे, एक कपाटावर. शोधून शोधून खाल्ला. दुपारी भिंतीला टेकवलेला आरसा, माझ्याच उंचीचा. त्यात बघता बघता डोकं असं फिरलं की मुठी वळल्या. कुणावर, ते माहीत नाही. भानावर आलो तेव्हा आरसा नव्हता. घड्याळात पाचच मिनिटं सरलेली. बोटं सोललेली.

सोमवार, १०
मासा खापरातून बाहेर येत नाही. त्याचं दुखणं मला नाही कळणार तर कुणाला? दुकानातून मादी आणली. एकत्र ठेवू नका, फाडून टाकेल तिला, असं दुकानदार म्हणाला. तो एकटा आहे, त्याला सोबत हवी, असा ओरडलो की सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. लाल शाई गेली खड्ड्यात.

सोडली तिला. तो तिच्याभोवती फिरतोय. किती हळुवार!

मंगळवार, ११
सकाळी ती तळाशी. चिंध्या. तो शेजारीच, शांत. तिला कुंडीत पुरलं. बाईंना कळवणार नाही.

बुधवार, १२
मैत्रिणीचा फोन! आपणहून! पत्र मिळालं, म्हणाली. सुबक अक्षरात पत्ता आणि दोनच वाक्यं. तो एकटा आहे. त्याला सोबत हवी. कुणाचं घर राखतोयस, विचारलं, ते सांगितलं. मग त्या बाईंनीच लिहिलं असणार, किती मायाळू आहेत रे, उद्या येते, म्हणाली.

येऊ नकोस म्हणालो. ओरडलो. फोन मध्येच बंद पडला — पुन्हा लागतच नाही —

दार उघडत नाही. काचेबाहेर रस्ता नाही, नुसतं धुरकट. त्यात काहीतरी सरकतं. थांबतं. जवळ येऊन बघतं.

गुरुवार, १३
ती आत आहे. कशी आली, दिसलं नाही. दार उघडंच होतं, म्हणते. जिथे दार होतं तिथे काच आहे —

पलंगावर बसलीय. चिडलास का, विचारते. नाही चिडलो. कानामागे गरम — मान फुगल्यासारखी — लिहीत राहतो, हात गुंतलेले बरे —

काचेपाशी ते आलंय. बघतंय.

कपाटामागे जा, म्हणालो. हसली. उठून माझ्याकडेच येतेय. बोटं का सोललीत, दाखव, म्हणते. जवळ नको येऊस गं — कपाटामागे जा — कपाटामा