पाचवी खूण

त्सुकुबा, जपान,
४ ऑक्टोबर २०२५

ती. जयंतीताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि तुमच्याकडे स्पीकर कायम चालू. म्हणून पत्र.

संस्थेच्या वार्षिक आरोग्य तपासणीनंतर मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. रक्त नाही, एक्स-रे नाही, नुसता नऊ प्रश्नांचा कागद. गेले दोन आठवडे झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का. पाच ठिकाणी खूण झाली, म्हणून नैराश्याचा आजार. चारच झाल्या असत्या तर नाही! कारण विचारलं, तर मेंदूतली रसायनं, स्वभाव, कामाचा ताण, सगळंच थोडं थोडं म्हणाले. एवढ्या पुराव्यावर मी प्रयोगाचा निष्कर्ष लिहिला, तर आमचे प्रयोगशाळाप्रमुख कुदो-सान वही नम्रपणे परत करतील. वर दोन महिने रजा घ्या म्हणे!

घरी सर्वांस नमस्कार. तुझं मत कळव, पण आरडाओरडा न करता.

तुझी,
स्वरूपा

पुणे,
१५ ऑक्टोबर

चि. स्वरूपास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकंच फिरलं. अगं, ते दोन आठवडे म्हणजे नवरात्र! नऊ दिवस उपास आहेत, असं तूच फोनवर म्हणालीस. उपास करणाऱ्या बाईला भूक कशी म्हणून विचारायचं आणि वर आजार चिकटवायचा? आपली आई आठवड्यातले तीन-तीन दिवस उपास करायची, तिला कुणी आजारी ठरवलं नाही. ताबडतोब जा आणि ती खूण खोडून घे. असली नावं एकदा कागदावर चढली की निघता निघत नाहीत.

चकल्या पाठवल्या आहेत. प्रयोगशाळेत वाटून टाकू नकोस, स्वतः खा. जिवाला जप.

तुझी,
ताई

त्सुकुबा,
३ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेले होते. नवरात्राचे उपास समजावून सांगितले. डॉक्टरांनी उठून, वाकून माफी मागितली आणि भुकेपुढची खूण खोडली. चार उरल्या. रजेचा दाखलाही परत घेतला. एक रेघ मारली आणि मी बरी! सायकलवरून येताना रडत होते, रागानं.

ताई, यंदा मी घट बसवलेच नाहीत. उपासही केला नाही. ऑगस्टपासून घास घशाखाली उतरत नाही. काय जेवलीस असं तू विचारलंस, तेव्हा उपास म्हणणं सोपं वाटलं, आणि तू किती खूश झालीस! त्या कागदावर मी इतकी चिडले, पण तिथे खरं लिहिलं होतं. तुला खोटं सांगितलं. चकल्यांचा डबा अजून उघडलेला नाही.

रागावू नकोस, पण आईचे सोमवार, गुरुवार, शनिवार. त्यातले खरे उपास किती गं?

पंचवीस तारखेची वेळ घेतली आहे. जाऊन खरं सांगायचं म्हणते. तू पुन्हा उडवून लावलंस, तर माझ्यानं जाववणार नाही.

लोभ आहेच, या खेपेस विश्वासही असावा.

तुझी,
स्वरूपा

पुणे,
१३ नोव्हेंबर

चि. स्वरूपास,
अनेक आशीर्वाद.

आधी रागच आला, आईला मध्ये आणलंस म्हणून. मग आठवलं, उपासाच्या दिवशी ती साबुदाणासुद्धा खायची नाही. आपल्याला खिचडी वाढून भिंतीकडे तोंड करून पडायची. आणि मी शाळेत सांगत फिरायचे, आमची आई किती कडक उपास करते!

पंचवीसला तू जा. ती खूण पुन्हा करून घे, रजा घे. व्हिसाला वेळ लागणार, नाहीतर तुझ्याबरोबर मीच आले असते. मिळाला की निघतेच.

तोवर रोज फोन कर. स्पीकर बंद असेल, आणि तुझं वाक्य पुरं होईपर्यंत मी तोंड उघडणार नाही.

तुझी,
ताई