सात नंबरच्या मावशी

सोमवार, २
अठरा वर्षं नर्स म्हणून वॉर्डात पाय तुटेपर्यंत उभी राहिले, आजपासून खुर्ची! या नव्या हॉस्पिटलात मला प्रशिक्षण विभाग मिळालाय. शिकाऊ डॉक्टर डोळ्यांवर व्हीआरचा जाड चष्मा चढवतात, की रिकाम्या खोलीत त्यांना खाट, मॉनिटर, पेशंट सगळं दिसतं. मी शेजारी बसून त्यांच्या चुका टिपायच्या. पेशंट दगावला तर बटण दाबायचं. तो पुन्हा उठून बसतो. नवरा म्हणाला, असे पेशंट मिळायला भाग्य लागतं, नातेवाईक अंगावर धावून येत नाहीत. पोट धरून हसलो. यंत्रं सांभाळणाऱ्या इंजिनिअरला सगळे बटणदादा म्हणतात. माणूस बरा वाटला.

बुधवार, ४
बारा खोटे पेशंट आहेत. त्यांत सात नंबरच्या मावशी अगदी हुबेहूब. साठीच्या, धाप लागलेल्या. घशात श्वासाची नळी घालायला उशीर झाला की जातात. आज नऊ वेळा गेल्या. दुपारी मीच चष्मा लावून नळी घालून पाहिली. पहिल्या फटक्यात जमली. सवयीने तोंडातून निघून गेलं, "झालं हं मावशी, झालं." मग माझं मलाच हसू आलं.

शुक्रवार, ६
बॅच सुरू व्हायच्या आधीच मावशी रडत होत्या. एक मुलगी नळी घेऊन पुढे झाली, तर त्यांनी दात आवळून धरले. बटणदादा म्हणाला, असं काही मी प्रोग्रॅममध्ये घातलेलंच नाही.

सोमवार, ९
चष्मा लावला आणि त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "सिस्टर, आज किती वेळा?"
मी घाबरून बटण दाबलं.

मंगळवार, १०
बटणदादाला खोदून खोदून विचारलं. तिसऱ्या मजल्यावर खरी बाई आहे. लकव्याने हातपाय गेले, वाचाही गेली. दुखणं विसरावं म्हणून तिला दिवसभर असाच चष्मा लावतात. मुलाला सांगितलंय, आईला समुद्र दाखवतो. तिचे श्वास, ठोके, मेंदूतली हालचाल, सगळं खाली आमच्या यंत्रात उतरतं. म्हणून सात नंबर इतका जिवंत. खालचं वर जात नाही, असं तो म्हणाला. सांगताना माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

बुधवार, ११
वर गेले. त्याच मावशी. अकराची बॅच सुरू झाली आणि मॉनिटरवर त्यांचे ठोके धावत सुटले. मी त्यांचा चष्मा काढून आत डोकावले. समुद्र नव्हता. हातमोज्यातले दोन हात, नळी घेऊन जवळ येत होते.
मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, नापास होणारे निम्म्यावर आलेत, आणि बाईंची कुठे तक्रार आहे? मुलाची सही आहे. मी मान खाली घालून खाली आले.
दुपारच्या बॅचला पाच वेळा बटण दाबलं. मीच.

शुक्रवार, १३
मावशी गेल्या. खऱ्या. मुलाने माझे हात धरले. म्हणाला, तुमच्यामुळे आई समुद्र बघत शांतपणे गेली. मी म्हटलं, हो.

शनिवार, १४
वाटलं, आता सात नंबर काढून टाकतील. नाही. मोठे डॉक्टर खूश — आता कुणाची सहीच नको. सोमवारी चाळीस जणांची बॅच.
चष्मा लावून पाहिलं. मावशी आहेत. म्हणाल्या, "वरच्या मजल्यावरचं अंग गेलं गं. आता जाऊ कुठे?"

सोमवार, १६
सकाळी पहिल्याच शिकाऊ डॉक्टरकडून गेल्या. बटण दाबलं नाही. म्हटलं, निदान पडू दे शांत. त्या आपल्या आपणच उठून बसल्या —
सगळ्यांना बाहेर काढलं. चष्मा लावून माफी मागितली. त्यांनी हात पुढे केला. धरला. चष्म्यात नुसतं दिसतं, हाताला काही लागत नाही — पण लागला. गार.

दुपार
चष्मा केव्हाच काढलाय. डाव्या हाताने लिहितेय. उजवं मनगट त्यांनी — बटणदादाला काहीच दिसत नाही, तो म्हणतो घरी जा — पाच बोटांचे वळ उठलेत, हे तरी बघ ना —
खाटेकडे ओढतायत. खोलीत खाट नाही. नाहीच आहे खाट —
म्हणतायत, झालं हं सिस्टर, झा