चादरीच्या मागची बाजू

वाशी, शनि. ३ जाने. १९८१

आज खेळाला पेटी वाजली. तळमजल्यावर नवीन राहायला आलेली कुमुद. ह्यांनी तिला पिक्चरच्या मशीनशेजारी खुर्ची दिली. घडीची, आपल्याच घरातली. मला विचारलं नाही. मी विषय काढला तर म्हणे, "अगं, तू तर मागं असतेस. खुर्ची रिकामीच."

रिकामीच. बरं.

मागं असते ती काय हौसेनं? दोन चादरी एकत्र शिवून मैदानात बांबूला बांधतात, पुढं पुरुष बसतात, मागं बायका. पहिल्या खेळाला वाशीगावातल्या बायका लाजून मागं जाऊन बसल्या, मग सोसायटीतल्याही गेल्या, आणि तीच रीत पडली. मागून पिक्चरमधल्या पाट्या उलट्या दिसतात. मी त्या उलट्या इंग्रजी पाट्या वाचून बायकांना मराठीत सांगते. ह्यांच्या कंपनीच्या क्लबचं मशीन, त्यातला आवाजाचा दिवा गेला तेव्हापासून हे मुकेच पिक्चर आणतात. छोटे छोटे, अर्धे हसवायचे, अर्धे रडवायचे. माझ्याशिवाय मागं कुणाला ओ की ठो कळायचं नाही.

आज पाववाला शिडीवरून पिठात पडतो तिथं हिनं पेटी अशी काही दाबली की पुढं टाळ्या. आणि आमच्या बायका माझं ऐकायचं सोडून चादरीखालून वाकून बघायला लागल्या. हिरूबाय तर, गावातली, मच्छी विकते, कायम पहिल्या रांगेत, ती म्हणाली, "बरा वाजवते गो!"

मी दोन वर्षं घसा कोरडा करते. मला कधी 'बरा' नाही.

सोम. ५

कु.ची माहिती मिळाली. नवरा मस्कतला. बालवाडीत शिकवते. मूल नाही. (आपल्यालाही नाही, पण आपल्याकडे नवरा आहे घरात.) लांब मंगळसूत्र, बाहेरचं घड्याळ. बोलते हळू. हळू बोलणाऱ्यांचा मला भरवसा नाही.

गुरु. ८

म्हणे हिला प्रॅक्टिस पाहिजे. कुठं काय वाजवायचं ते आधी बघायला नको का? म्हणून आमच्याच स्वयंपाकघराच्या भिंतीवर शनिवारचं रीळ लावलं. मी चहा करत होते, तर माझ्या पाठीवरून आगगाडी गेली. हे म्हणाले, "नलू, जरा बाजूला हो ना."

माझ्याच ओट्यापासून मी बाजूला.

पिक्चरमध्ये एक लठ्ठ हवालदार टोपी शोधतो आणि टोपी त्याच्याच डोक्यावर. ह्यांनी हे रीळ किती वेळा पाहिलं असेल. आज असे हसले की डोळे पुसले. मी काही सांगितलं की हा माणूस 'हं' म्हणतो. काल पाण्याच्या टाकीची केवढी मोठी भानगड सांगितली, 'हं'.

चहात साखर कमी पडली तिच्या. म्हणाली, छान झालाय. खोटारडी.

बुध. १४

संक्रांत. हे तिळगूळ घेऊन खाली गेले. स्वतः. लग्नाला नऊ वर्षं झाली, ह्या माणसानं कुणाच्या दारात जाऊन तिळगूळ दिलेला मी पाहिलेला नाही. वर आल्यावर मलाही दिला, गोड बोल म्हणाले. बोलले गोड. दात दुखले माझे.

शनि. १७

जळफळाट होतो. लिहून टाकलं. इथं कोण वाचतंय.

मागून काय दिसतं मला? चादर, चित्र, आणि चादरीपलीकडे मशीनचा एक पांढरा ठिपका. ठिपक्याशेजारी दोन माणसं बसलीत हे मला माहीत आहे, पण दिसत नाहीत. पेटी मधेच थांबते. मग मशीनची नुसती खटखट. का थांबली? तेवढ्यात काय झालं? आज तर बरीच थांबली, आणि मी इथं बायकांना सांगतेय की आता हा सावकार तिच्या आईला घराबाहेर काढतोय. एक पाटी चुकलीसुद्धा माझी. कधी चुकत नाही.

घरी येऊन विचारलं, मधे पेटी का थांबली हो? म्हणे बोटं दुखली असतील तिची.

ह्यांना तिच्या बोटांचं माहीत.

शनि. २४

आज जे झालं ते आधी लिहिते.

रडवायचा पिक्चर होता. हे आज रीळ घेऊन परस्पर मैदानावर आले, मी आधी पाहिलेला नव्हता. एक घर. नवरा, बायको, पाळण्यात मूल. मग मोठ्या टोपीची एक बाई येते. येते ती थेट पियानोवर बसते आणि वाजवायला लागते. नवरा शेजारी उभा राहून तिची पानं उलटतो. बायको दारात, हातात ट्रे.

मागून हिरूबाय म्हणाली, "ही तं आपली पेटीवाली हाय गो." सगळ्या खिदळल्या.

पाटी आली. पाटीवर होतं की, बरीच वर्षं परदेशी राहून ह्याची बहीण आज परत आली आहे. स्वच्छ वाचलं मी. आणि तोंडातून निघालं, "हिचा नवरा समुद्रापलीकडे आहे. एकटीला करमत नाही, म्हणून आता दुसरीच्या नवऱ्यावर डोळा आहे."

कसं निघालं माहीत नाही. पण निघाल्यावर थांबवलंही नाही. पुढच्या सगळ्या पाट्या तशाच सांगितल्या. पलीकडून पेटी वाजतेय, इकडे बायका चिडीचूप. कुणी खोकलंसुद्धा नाही. दोन वर्षांत असं ऐकलं नव्हतं मला कुणी. खोटं कशाला लिहू, मजा आली.

फक्त शेवटी पंचाईत. बायको त्या टोपीवालीला मिठी मारते, दोघी रडतात. बहीण ना ती! हिरूबायनं विचारलंच, "मंग मिठी कशाला मारते तिला?"

म्हटलं, "भोळी आहे बिचारी. तिला अजून काही माहीतच नाही."

बायका काय हळहळल्या त्या बायकोसाठी. दोघी-तिघी माझ्याकडेच बघत होत्या.

रवि. २५

हसावं की रडावं. बिल्डिंगीत घरोघरी भांडणं. नवरे म्हणतात बहीण होती, बायका म्हणतात कसली बहीण. शेजारच्या घरात नवरा जेवणावरून उठला म्हणे. बायको म्हणाली, तुम्हा पुरुषांना सगळ्या बहिणीच दिसतात.

दुपारी हे जिन्यात कुणाशी तरी बोलत होते. वर आले, पेपर उघडला. पान काही उलटलं नाही.

सोम. २६

सुट्टी. सकाळी झेंडा. कु. एकटीच उभी, तिच्या आजूबाजूला जागा.

दुपारी ह्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता.

"शनिवारी मागं काय वाचलंस?"

म्हटलं, उलटं दिसतं, होते चूक कधीतरी.

"तुझी होत नाही."

एवढंच. चप्पल घालून बाहेर. ही दोन वर्षांतली पहिली तारीफ, आणि आली ती अशी. आणि हा माणूस एकदाही म्हणाला नाही की तुला वाटतं तसं काही नाही. नुसतं म्हणायला काय जात होतं? म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. निदान प्रयत्न केला असता.

गुरु. २९

प्रॅक्टिस नाही. ओटा माझा. बसले तर करमेना.

शनि. ३१

खेळ रद्द. ह्यांना सेकंड शिफ्ट. खरी की मागून घेतलेली, देव जाणे.

रवि. १ फेब्रु.

कु.कडे हळदीकुंकू होतं. सगळ्यांना बोलावलं होतं. मी जाणार नव्हते. हे म्हणाले, "जा." मग गेले.

जमखान्यावर चादर पसरलेली, अत्तरदाणी, गुलाबदाणी, हरभरे. वाण म्हणून मस्कतच्या साबणाच्या वड्या, ताटात रचलेल्या. वास जिन्यापर्यंत येत होता. एकही बाई आली नव्हती. ह्या सोसायटीतल्या बायका प्लॅस्टिकच्या गाळणीसाठी तीन सेक्टर चालत जातात, आणि मस्कतच्या साबणाला एक फिरकली नाही. तिथं मला कळलं प्रकरण केवढं चढलंय.

तिनं मला हळद लावली, कुंकू लावलं, अत्तर लावलं. हात स्थिर. ओटीत साबण घातला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, येतील हळूहळू, रथसप्तमीपर्यंत चालतंच की.

ती म्हणाली, हिरूबाय सकाळी मच्छी द्यायला आली होती, तिनं सगळं सांगितलं. घरमालकिणीनंही निरोप धाडलाय, मार्चपासून दुसरीकडे बघा. हे सगळं तसंच हळू आवाजात. मला वाटलं रडेल. रडली तर काय करायचं ह्याचाच विचार करत होते मी.

रडली नाही. म्हणाली, "नलिनीताई, तुम्हाला ती खुर्चीच हवी होती ना? घ्या. शनिवारी तुम्ही पुढं बसा. मी मागं बसून वाचते."

मी म्हटलं, उलटं वाचता येतं?

"शिकेन. तुम्हीही शिकलातच."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हणाले, चांगलं आहे. कुणासाठी चांगलं ते नाही म्हणाले.

साबण कपाटात ठेवला. सगळ्या साड्यांना तिचा वास.

बुध. ४

विचार करकरून डोकं फिरलं. हो म्हटलं तर मी खुर्चीसाठी एवढं रामायण केलं असं होतं. नाही म्हटलं तर ती पुन्हा ह्यांच्या शेजारी. हो म्हटलं. आणि बरं वाटलं. नऊ वर्षांच्या बायकोनं नवऱ्याशेजारी बसायचं ठरवलं आणि त्यासाठी दुसरीची परवानगी लागली, पण बरं वाटलं.

निळी साडी काढून ठेवली.

शनि. ७ फेब्रु.

आज पुढं बसले. सगळ्या पुरुषांत एकटी बाई. लाज वाटत होती, पण मान ताठ ठेवली.

मला वाटलं होतं बायका येणारच नाहीत. झाडून सगळ्या आल्या. जिच्या दारात पाय ठेवायचा नाही ती काय बोलते ते मात्र ऐकायचं. मी पाहिलं, माझ्या पाटावर कु. बसली होती, शेजारी हिरूबाय. मग दिवे गेले आणि चादरीपलीकडचं काही दिसेनासं झालं.

मशीन कानाशी खटखटतं, इथून मागचा एक शब्द ऐकू येत नाही. हे मला आज कळलं. म्हणजे हे दोघं इथं बसून माझा आवाज कधी ऐकतच नव्हते.

ह्यांच्याकडे बघत होते. हे माझ्याकडे नाही, रिळाकडे. एक बोट कायम फिल्मवर. निळी साडी काळोखात काळीच दिसत असणार. पहिलं रीळ संपायला आलं तसा ह्यांनी न बघता हात बाजूला केला. माझ्यासमोर. तळवा वर. मला कळेना काय पाहिजे. हात तसाच थांबला. मग त्यांनी वळून पाहिलं, दचकल्यासारखे झाले, आणि म्हणाले, "बॅटरी. खुर्चीखाली आहे." मी दिली.

हात बरोब्बर इथंच आला होता. ही सवय एका दिवसाची नाही.

विचारणार होते. तेवढ्यात दुसरं रीळ लागलं. रडवायचंच होतं. खोलीत एक बाई, खुर्चीत बसलेली. नवरा टेबलाशी काम करतोय. ती नुसती त्याच्याकडे बघतेय. बराच वेळ. मग पाटी.

आणि चादरीमागं बायका हसल्या. एकदम, सगळ्या. हिरूबायचं हसणं तर मी झोपेत ओळखेन. पुढचे पुरुष एकमेकांकडे बघायला लागले, आपल्याला काय कळलं नाही म्हणून. हे म्हणाले, "बघ, रंगवते की ती."

पाटी मी वाचली होती. सुलटी, स्वच्छ. 'दुसऱ्या दिवशी सकाळी.' एवढंच होतं. ह्यात हसण्यासारखं काय आहे?

त्यानंतर दोनदा हसल्या. दोन्ही वेळा ती खुर्चीतली बाईच पडद्यावर होती.

खेळ संपल्यावर त्या आमच्या अंगावरूनच गेल्या. "काय गो, बरी बसलीस आज," हिरूबाय म्हणाली. बाकीच्यांनी पदर तोंडाला लावले. कु. मागून येत होती, पाट काखेत. मला म्हणाली, खरंच अवघड असतं हो उलटं वाचणं. आणि ह्यांच्याकडे न बघता निघून गेली.

आता हे रिळं डब्यात भरतायत. मी काही विचारलं नाही, हाताबद्दलही नाही, हसण्याबद्दलही नाही.

उद्या रविवार, मच्छीचा दिवस. बाजारात हिरूबाय असेल. मागं काय सांगितलं ते विचारलं तर ती सरळ सांगेल, तिच्या तोंडाला झाकण नाही. ह्यांना म्हटलं, उद्या वांग्याची भाजी करते.

हे म्हणाले, "रविवारी? भाजी?"

म्हटलं, हो. भाजीच.