कोहळ्यातलं कुंकू

प्रिय इळंगो,

हे पत्र कुरियरनं पाठवते आहे, म्हणजे गुरुवारपर्यंत तिरुनेलवेलीत तुझ्या हातात पडेल. फोन करता आला असता. दोनदा तुझा नंबर काढलाही. पण बोलताना मी नकळत सोयीचे शब्द निवडते, हे मला आता स्वतःबद्दल पक्कं ठाऊक आहे. लिहिताना निदान खोडलेलं दिसतं. विषय तुझ्या डाव्या डोळ्याचा आहे. तो कसा गेला याबद्दल तेवीस वर्षं तू जे मानत आलास ते खरं नाही, आणि तसं मानायला मीच तुला लावलं.

आधी निलाची खुशाली. तुझी लेक माझ्या सिनेमाच्या वर्गात सगळ्यांत जास्त भांडते आणि मेसच्या सांबाराला नावं ठेवत तीन वाट्या पिते. मागच्या महिन्यात मी मुलांना माझा विद्यार्थिदशेतला सिनेमा दाखवला. तो संपल्यावर ती उठून म्हणाली, "मिस, मार खाणारे ते माझे अप्पा आहेत. या एका शॉटसाठी त्यांनी डोळा दिलाय." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी फळा पुसत राहिले. फळ्यावर काही नव्हतं.

एण्णूरचं ते मिठाचं गोदाम तुला आठवत असेलच. माझ्याकडे तीन मिनिटंही चालणार नाही एवढी फिल्म उरली होती, म्हणून मारहाण एकाच टेकमध्ये घ्यायची होती. खरं तर तू संकलनाचा विद्यार्थी. संपातल्या पुढाऱ्याचं काम करायला दुसरं कुणी मिळेना म्हणून मी तुला उभं केलं. सिनेमा कृष्णधवल, तेव्हा रक्ताला रंग नको, नुसता गडदपणा हवा. मी ताडगुळाचा घट्ट काळा पाक करून तुझ्या कपाळाला फासला, आणि तू म्हणालास, "अगं कयल, मारीअण्णांच्या आधी मुंग्याच संपवतील मला!" मारीअण्णा वडपळनीच्या स्टुडिओंतले जुने फायटर, पडद्यावरच्या मारामाऱ्या करणारे. त्यांनी आपल्या सगळ्यांची दृष्ट काढून दारात कुंकू भरलेला कोहळा फोडला, आतलं कुंकू उंबऱ्यावर सांडलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "अम्मा, एक लक्षात ठेवा. हा ओरडला म्हणून मी थांबणार नाही. ओरडणं त्याचं कामच आहे. मी थांबणार तुमच्या 'कट'ला." मी मान डोलावली. एवढा मोठा माणूस माझ्या शब्दावर थांबणार याचा मला अभिमान वाटला होता, हेही लिहून टाकते.

पहिली लाथ तुझ्या बरगडीपासून वीतभर अलीकडे थांबली. मारीअण्णांचा बांबू मिठावर पडत होता, मीठ उडत होतं, तू छान कळवळत होतास. मग तू घसरलास. डावीकडे वळायचं ठरलं होतं, उजवीकडे वळलास, आणि बांबूचं चिरलेलं टोक तुझ्या तोंडावर बसलं. ओलं धुणं दगडावर आपटावं तसा आवाज झाला. तुझ्या गालाखालचं मीठ लाल झालं. इळंगो, आपण केलेलं रक्त काळं होतं. कोहळा माझ्या पाठीमागे, वीस पावलांवर. कॅमेऱ्यासमोर लाल असं काही नव्हतंच. मला कळलं. त्याच क्षणी कळलं. तू ओरडलास, "मारीअण्णा, खरंच लागलंय हो!" तुझ्या संवादात त्यांचं खरं नाव कुठून येणार? त्यांचा हात वरच्या वर थांबला आणि त्यांनी कॅमेऱ्याच्या वर, माझ्याकडे पाहिलं.

माझा उजवा डोळा कॅमेऱ्याला होता. डावा हात मोकळा होता. तो मी हवेत गोल फिरवला. चालू दे.

त्यांनी आणखी चार फटके मारले. संकलनाच्या टेबलावर मी ते मोजलेत. दोन पाठीत, एक मानेवर, एक तू तोंडावर धरलेल्या हातांवर. तुझी दोन बोटं तेव्हा मोडली. मग फिल्म संपली आणि कॅमेरा रिकामा खडखडायला लागला, म्हणून ते थांबले. 'कट' मी म्हटलंच नाही. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "मिळालं!" डोळा पहिल्याच फटक्यात गेला की शेवटच्या, हे डॉक्टरांना सांगता आलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं मी 'पहिल्याच' या शब्दावर काढली.

संस्थेच्या चौकशी समितीपुढे मी सांगितलं की, मला ते कोहळ्यातलं कुंकू वाटलं, आणि मारीअण्णांचा स्वतःवरचा ताबा सुटला. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अम्मांनी हात हलवला." त्या टेकला आवाज नव्हता आणि माझा हात चौकटीबाहेर. युनियननं त्यांचं कार्ड काढून घेतलं, म्हणजे सिनेमातलं कामच बंद झालं. तू इस्पितळात, अर्धं तोंड पट्ट्यांत, मला म्हणालास, "चूक माझीच गं. मीच घसरलो." आणि मी म्हणाले, "असू दे." क्षमा केल्यासारखं म्हणाले.

परवाच्या रविवारी मारीअण्णांना शोधून काढलं. देवळाबाहेर सुनेबरोबर हार ओवत बसतात. मला बघून म्हणाले, "या, कॅमेरावाल्या अम्मा! मोगरा देऊ की शेवंती?" मी सगळं सांगितलं. त्यांनी हाराचा दोरा दातानं तोडला. मग म्हणाले, "म्हणजे हलवला होता ना हात? बायको मरेपर्यंत म्हणायची, तुम्हालाच भास झाला असेल. अलीकडे मलाही तसंच वाटायला लागलं होतं." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांना हवं असेल तर युनियनला मी लेखी देणार आहे. ते म्हणाले, "विचार करून सांगतो."

आता घाई कशाची ते सांगते. येत्या शनिवारी निलाचं शूटिंग आहे, मारहाणीचा प्रसंग, एकच टेक. काल ती मला विचारायला आली, "मिस, मारणारा मध्येच थांबून वर बघतो, ती नजर तुम्ही त्याच्याकडून कशी काढलीत?" मी काही बोलायच्या आत तिनं स्वतःच सांगितलं की, तिनं ठरवलंय, खरं मारायचं. मार खाणारा मुलगा तयार आहे. मारणाऱ्यांना तिनं बजावलंय, "तो काहीही ओरडू दे, मी 'कट' म्हणेपर्यंत थांबायचं नाही." वर म्हणाली, "अप्पांना सांगितलंय. ते म्हणाले, शाब्बास." मी तिचा कॅमेरा अडकवून ठेवू शकते, पण ती दुसरा आणेल. तिला थांबवायचं तर ती नजर कुठून आली तेच सांगावं लागेल, आणि शुक्रवारी सकाळी मी ते सांगणार आहे. तू परवानगी दिलीस तरी आणि नाही दिलीस तरी. त्याआधी तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र. जमलं तर गुरुवारच्या रात्रीच्या गाडीनं ये. माझ्यावर जे काही ओरडायचं असेल ते तिच्यासमोर ओरड. तिनं तुला त्या शॉटबद्दल आजवर फक्त अभिमानानं बोलताना पाहिलंय.

तुझी म्हणवून घ्यायचं की नाही, हे तुझ्यावर सोपवून,
कयल