पंधराशे फुटांचा कायदा आणि व्हर्लिनचं गवताचं रान

रॅटलिफ खोरं, पूर्व केंटकी
शुक्रवार

प्रिय व्हर्लिन, आणि तुझी ग्लेना हे पत्र मोठ्याने वाचेल (तुझा चष्मा घरात कधीच सापडत नाही) तेव्हा रविवारच्या जेवणाला बसलेल्या सगळ्या रॅटलिफांनो,

गेल्या दहा वर्षांत त्या वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनापायी गेलेल्या घरच्या कुणाच्या तरी शवपेटीला खांदा दिला नाही, असा तुमच्यात एकही नाही. आणि सरकारने त्यावर धीर धरण्याच्या सल्ल्यापलीकडे काही दिलं, असंही कुणी म्हणणार नाही. ही तक्रार आपल्या सगळ्यांची आहे, म्हणून भांडायच्या आधी ती मांडून ठेवते. बाकी, तुझ्या पायाच्या अंगठ्याची सूज उतरली का? ग्लेनाला जिना चढवतो का? सफरचंदाच्या मुरंब्याच्या दोन बरण्या पाठवल्या आहेत. त्यातली एक तिची आहे, हे लक्षात असू दे.

माझी प्रकृती उत्तम आहे. फक्त दोन्ही पिंढऱ्यांत काटे आहेत आणि डाव्या टाचेवर एका कुत्र्याचे दात उमटले आहेत. दोन्हींचं कारण तू आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मार्चमध्ये काउंटी समितीत तू तो ठराव आणलास. मेथाडोन, म्हणजे गोळ्यांची नशा सोडवायचं औषध, देणारं केंद्र आपल्याकडे खुशाल यावं, मात्र चर्च, शाळा, दफनभूमी आणि मुलांची खेळायची जागा यांपासून पंधराशे फूट लांब. मी बोलायला उभी राहिले तेव्हा मला तीन मिनिटं दिलीत. (मोशेला दहा आज्ञा सांगायला याहून जास्त वेळ मिळाला होता, आणि त्याचे श्रोते तर तेव्हा सोन्याच्या वासराभोवती नाचत होते.) मी खाली बसल्यावर तू मायेने म्हणालास, "ओर्फाताई, केंद्राला आमचा विरोध कुठे आहे? कायद्यात बसणारी जागा दाखव, उद्या उघडू." सगळे हसले. मी नाही हसले. दाखव म्हटलं की दाखवायचं, अशी मला सवय आहे.

दुसऱ्याच दिवशी होबर्ट स्लोनला गाठलं. खाणीत चाळीस वर्षं मोजणी केलेला माणूस, वय शहात्तर, निवृत्तीनंतर बायकोच्या वाफ्यांखेरीज मोजायला काही उरलं नव्हतं. साखळी आणि तिकाटणं घेऊन तो नवरदेवासारखा निघाला. पहिल्या दिवशी आम्ही कोळसा भरायच्या जुन्या आवारात गेलो. सपाट जागा, पक्का रस्ता, माणूस ना काणूस. म्हटलं, झालं काम. होबर्टने साखळी टाकली तर नऊशे फुटांवर चर्च. त्यात माणसं चार. ती ओढ्यापलीकडच्या चर्चमधून पियानोच्या भांडणात फुटलेली, आणि ते पलीकडचं चर्च पूर्वी तिसऱ्याच चर्चमधून बाकांच्या रंगावरून फुटलेलं. (आपल्या लोकांना पाप सोडायला जड जातं, चर्च मात्र चुटकीसरशी सोडतात.) मग जुनी शाळा पाहिली. नऊ वर्षं बंद आहे, छताला झाड आलंय, पण अंगणात बास्केटबॉलचं एक गंजकं कडं लोंबतंय, म्हणजे कायद्याने खेळायची जागा. पुढे डोंगर चढलो, तर प्रत्येक धारेवर कुणाचा ना कुणाचा आजोबा थडग्यात झोपलेला. एका टेकाडावर चारही बाजूंनी मोजलं आणि सगळं मोकळं निघालं. मी आनंदाने होबर्टला मिठी मारणार, तेवढ्यात तो गवतातल्या दगडाला अडखळला. त्यावर एका दोन महिन्यांच्या बाळाचं नाव होतं. होबर्टने टोपी काढली, दगडावरचं गवत बाजूला केलं आणि म्हणाला, "ओर्फा, तुझ्या भावाच्या कायद्यात मेलेल्यांची सोय चोख आहे. जिवंत माणसाला तेवढी जागा नाही." कुत्रा याच्यानंतर चावला. त्याचा मालक म्हणाला, तो फक्त सरकारी माणसांनाच चावतो. तुझं नाव सांगायला नको होतं.

हे सगळं जनेलसाठी चाललंय, हे तुला माहीत आहे. माझ्या भावाची, आपल्या डॉर्सीची मुलगी. पाच महिने झाले, तिने गोळीला हात लावलेला नाही. त्यासाठी रोज उजाडायच्या आत निघते, त्र्याऐंशी मैलांवरच्या खिडकीपाशी नर्ससमोर तो छोटा पेला पिते, आणि त्र्याऐंशी मैल परत येऊन शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना मक्याचा पाव वाढते. काही दिवस सलग चुकले तर मात्रा कमी करतात, आणि मग शरीराला जुन्या सोयऱ्यांची आठवण येते. त्या गोळ्या विकणाऱ्या औषध कंपन्यांकडून काउंटीला भरपाई आली तेव्हा तुम्ही शेरीफला नवी गाडी घेतलीत आणि शाळेत व्यसनावर बोलायला एक जादूगार आणलात. त्याने हातरुमालातून कबूतर काढलं. जनेल तेव्हा मागे भांडी घासत होती. मी तिला म्हटलं, मी समितीपुढे तुझी कहाणी सांगते, त्यांना पाझर फुटेल. ती म्हणाली, "आत्या, पाझर नको. सात-आठ मैलांवर एक खिडकी हवी."

बाराव्या दिवशी होबर्टने नकाशा माझ्या टेबलावर पसरला आणि प्रत्येक चर्च, शाळा, थडग्याभोवती कंपासने पंधराशे फुटांचं वर्तुळ काढून काळं करत गेला. सगळी काउंटी काळी झाली. एकच पांढरा तुकडा उरला, अडीच एकरांचा, डांबरी रस्त्याला लागून, जनेलच्या दारापासून सात मैल. व्हर्लिन, ते तुझं वरचं गवताचं रान आहे. तिथे चर्च नाही, कारण तीन धर्मोपदेशकांना तू कुंपणावरून हाकललंस. थडगं नाही, कारण खाली कातळ आहे. होबर्ट एवढा हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

मला तुझ्याकडून काहीही नको. दाखव म्हणालास, दाखवलं. सगळ्यांना माया.

तुझी चुलतबहीण,
ओर्फा

ता.क. नकाशा सोबत जोडलाय, होबर्टच्या सहीनिशी. तुझ्या घरावर कॉफीच्या कपाचा डाग आहे, त्यात माझा काही हेतू नाही.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच होबर्ट आला. म्हणाला, नकाशाची बातमी बाहेर फुटली आणि बुधवारपासून तुझ्या त्या रानातल्या गवताच्या कोठारावर पांढरा क्रूस चढलाय, खाली 'नवजीवन चर्च' अशी ओल्या रंगाची पाटी. अडुसष्टाव्या वर्षीही श्रद्धा उगवते, मी शंका घेत नाही. पण चर्चला माणसं लागतात. म्हणून पुढच्या रविवारी दहा वाजता मी, होबर्ट, जनेल आणि रोज त्या त्र्याऐंशी मैलांवर जाणारे आपल्या काउंटीतले एकतीसजण प्रार्थनेला येतोय. प्रत्येकजण उभं राहून आपली साक्ष देईल. नंतर जेवायला थांबू. ग्लेनाला आधी कळव.

ता.क. तिसरा, आणि हा जेवणाच्या टेबलावर वाचू नका, व्हर्लिन, तू एकटाच वाच. मंगळवारी जनेलची गाडी घाटात कायमची बसली. तिचे दोन दिवस चुकले. काल आणि आज मी नेलं, पण माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि तो रस्ता तुला माहीत आहे. तिच्या भावाच्या, ट्रॅव्हिसच्या, पेटीची पुढची डावी बाजू तू धरली होतीस. जनेलची धरायला मी तुला बोलावणार नाही. तुझं रान तुलाच राहू दे, मला ते कधीच नको होतं. गुरुवारी संध्याकाळी सहाला समितीचा कारकून सातवा विषय वाचेल, पंधराशेच्या जागी तीनशे फूट. तेवढ्याने कोळशाचं आवार मोकळं होतं. समितीतले बाकीचे चौघे दोन विरुद्ध दोन आहेत, मी प्रत्येकाच्या दारात जाऊन आलेय. पाचवं मत तुझं. तू उजवा हात वर कर.