तुझं माप चुकलं नव्हतं

वैष्णवी,

आज निळ्या कॅनमधलं तळणाचं जुनं तेल डिझेल बनवायला घेऊ नकोस. त्यात पाणी आहे.

काल तू विचारलंस, "मामा, तापवल्यावर तडतडलं का?" मी खुशाल "न्हाय की" म्हणालो. खरं तर शेगडीपाशी मोबाइलवर कीर्तन लावलं होतं. बुवांनी अभंग असा उचलला, की कढईकडं कानच राहिला नाही. आज सकाळी मोबाइल बंद ठेवून पळीभर तेल तापवलं, तर लाह्यांसारखं तडतडलं.

मागच्या खेपेलाही मी असंच केलं होतं. तेलातल्या पाण्यानं सगळ्या डिझेलचा साबण झाला. माझ्याच पोरानं, शिवराजनं, "आता साबणाचं दुकान टाक" म्हणून तुझी चेष्टा केली. तेलात घालायच्या कॉस्टिक सोड्याचं माप चुकलं म्हणून तू स्वतःलाच बोल लावत राहिलीस, आणि मी समोर बसून टाळ पुसत होतो. पांडुरंगानं तेव्हाच माझा कान धरायला हवा होता.

तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. सात रस्ता चौकातल्या भजीवाल्याकडं दुसरं तेल बघायला जातोय. शिवराज आला की ही चिठ्ठी त्याला मोठ्यानं वाचून दाखव. मी आल्यावर माझ्यासमोर पुन्हा वाच. तेवढं तरी कान देऊन ऐकतो.

– मामा